मोठी नेटवर्किंग कंपनी छोटीला विकत घेते तेव्हा नेमकं काय घेते?

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळणाऱ्या तरुण इंजिनिअरने विचारलं आहे: "आमच्याकडे ज्युनिपरचे स्विच आणि मिस्टचं वाय-फाय आहे. जुलै २०२५ मध्ये एचपीईने ज्युनिपर विकत घेतली. एचपीईकडे स्वतःचं अरुबा होतंच, मग १४ अब्ज डॉलर मोजून पुन्हा तेच कशाला घ्यायचं? एवढ्या मोठ्या कंपन्यांना हवी ती वस्तू स्वतः बनवता येत नाही का? आणि आमच्या नव्या शेडसाठी हाच माल घ्यावा की थांबावं?"

नवख्यांसाठी आधी दोन शब्द: ज्युनिपर आणि अरुबा नेटवर्कचा माल बनवतात, मिस्ट हे ज्युनिपरचं वाय-फाय, आणि एचपीई म्हणजे ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइज. स्विच एका नेटवर्कमधली यंत्रं केबलने जोडतो, राउटर एक नेटवर्क दुसऱ्याला जोडतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन प्रश्नांतून निघतं, म्हणून त्याच क्रमाने सांगतो. नागपुरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत मी बरीच वर्षं नेटवर्क उभारतो आणि सांभाळतो. या काळात बसवलेल्या मालावरची कितीतरी नावं आज दुसऱ्याच कंपनीच्या पाटीखाली आहेत. काही वस्तू विक्रीनंतर जास्त जोमाने वाढल्या, काही दोन वर्षांत बंद पडल्या. फरक कशाने पडला हे शोधत गेलो तर दरवेळी एकाच जागी पोचतो: घेणाऱ्याला त्या कंपनीतलं नेमकं काय हवं होतं? वस्तू, माणसं, ग्राहकांकडच्या मंजुऱ्या, सॉफ्टवेअर, की बाजारातला एक स्पर्धक कमी करणं? तुमच्या रॅकमधल्या डब्याचं आयुष्य त्या उत्तरावर ठरतं.

आधी "स्वतः बनवता येत नाही का" हे घेऊ. बनवता येतं. मोठ्या कंपनीकडे पैसा असतो, प्रयोगशाळा असतात, हुशार माणसंही असतात. कमी पडतो तो वेळ. स्विचच्या आतली चिप नव्याने आखायची तर आराखड्यापासून हातात येईपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात. मग तिच्यावर चालणारं सॉफ्टवेअर, ग्राहकाकडच्या चाचण्या, पहिल्या वर्षभरात उघडे पडणारे दोष. तोवर जो आधी पोचला त्याच्या वस्तूभोवती ग्राहकाच्या सवयी घट्ट झालेल्या असतात. नेटवर्कचा माल लोक पाच-सात वर्षांनी बदलतात. एक फेरी हुकली की पुढच्या फेरीपर्यंत वाट बघावी लागते.

दुसरा अडसर कंपनीच्या घरातलाच असतो. १९९३ मध्ये सिस्को राउटरवर जगणारी कंपनी होती. मोठ्या नेटवर्कचे तुकडे पाडायला तेव्हा राउटर लागत, आणि त्यातलं बरंचसं काम स्विच स्वस्तात आणि जास्त वेगाने करणार होता. ज्या विभागाच्या विक्रीवर सगळ्यांचे बोनस ठरतात, त्याच विभागाला आपल्या मालाला पर्याय बनवायला सांगितलं तर ते काम मनापासून होत नाही. शेवटी निर्णय ग्राहकांनी करायला लावला. बोईंगसारखं गिऱ्हाईक क्रेसेंडो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीचे स्विच घ्यायला निघालं होतं, तेव्हा सिस्कोने ती कंपनीच सुमारे ९.५ कोटी डॉलरला घेतली. सिस्कोची स्वतःची त्या आर्थिक वर्षातली विक्री ६५ कोटी डॉलरच्या आसपास होती, यावरून हा घास केवढा होता ते कळेल. ही सिस्कोची पहिली खरेदी. पुढे १९९४ मध्ये कल्पना नावाची कंपनी, १९९५ मध्ये ग्रँड जंक्शन, १९९६ मध्ये ग्रॅनाइट सिस्टिम्स अशी रांग लागली, आणि या सगळ्यांच्या कामातून कॅटलिस्ट स्विचचं घराणं उभं राहिलं. दोन-चार केबल एकत्र बांधून एक जाड लिंक करायची जी सोय आपण आजही इथरचॅनल म्हणून वापरतो, ती मुळात कल्पनाची.

म्हणजे मोठी कंपनी खरेदी करते तेव्हा ग्राहकांनी आधीच पसंतीची मोहोर उठवलेली वस्तू तिला हवी असते. काटोल-वरुडकडे व्यापारी संत्र्याची बाग झाडावरच घेतात. बहार फुटताच सौदा केला तर भाव कमी पडतो, पण गळ आणि गारपीट व्यापाऱ्याच्या माथी. फळ भरल्यावर घेतलं तर भाव चढा, जोखीम कमी. नेटवर्किंगमधल्या मोठ्या कंपन्या बहुतेकदा फळ भरल्यावर येतात आणि चढा भाव आनंदाने देतात, कारण त्यांच्या हातात जगभरची विक्रीव्यवस्था तयार असते. छोट्या कंपनीने वर्षाला शंभर गिऱ्हाइकांना विकलेली वस्तू त्या पुढच्याच वर्षी हजारोंना विकू शकतात.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा मला १९९९ च्या ऑगस्टमधला वाटतो. सिस्कोने ऑप्टिकल क्षेत्रातल्या, म्हणजे काचेच्या तारेतून माहिती पाठवणारी यंत्रं बनवणाऱ्या, दोन कंपन्या घेतल्याचं एकाच दिवशी जाहीर केलं. सेरेंटसाठी ६.९ अब्ज डॉलर, तेही रोख न देता स्वतःचे शेअर देऊन. आणि मॉन्टेरे नेटवर्क्ससाठी सुमारे ५० कोटी डॉलर. सेरेंटचं यंत्र टेलिकॉम कंपन्यांकडे आधीच चालू होतं, आणि ते पुढे ओएनएस १५४५४ या नावाने वर्षानुवर्षं विकलं गेलं. मॉन्टेरेचं यंत्र अजून बाजारात रुळायचं होतं; २००१ मध्ये सिस्कोने तो धंदाच बंद केला. घेणारा तोच, दिवस तोच, क्षेत्रही तेच. फळ भरलं होतं की नाही, एवढाच फरक.

आता मंजुऱ्यांकडे येतो. कारखान्यात, खाणीत, वीज केंद्रात काम करणाऱ्यांनी हा भाग नीट समजून घ्यावा, कारण वर्तमानपत्रातल्या बातमीत तो जवळजवळ कधीच येत नाही.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बाहेर खांबावर लावलेल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. ऑफिसातला साधा स्विच साधारण ४०-४५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो, त्यात पंखा असतो, आणि पंख्याबरोबर धूळ आत जाते. कोराडी किंवा खापरखेड्यासारख्या वीज केंद्राच्या स्विचयार्डात तर उष्णतेच्या जोडीला विजेचे झटके आणि चुंबकीय गोंधळ असतो. तिथे पंखा नसलेले, उणे ४० ते अधिक ८५ अंशांपर्यंत चालणारे आणि उपकेंद्रासाठीच्या आयईसी ६१८५०-३ या मानकावर उतरलेले स्विच लागतात. असे स्विच बनवण्यात कॅनडाची रगेडकॉम ही कंपनी नावाजलेली होती.

२०११ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या बेल्डनने तिच्या व्यवस्थापनाच्या मर्जीविरुद्ध, थेट भागधारकांपुढे बोली ठेवली: शेअरमागे २२ कॅनेडियन डॉलर. दीड महिन्याच्या आत सीमेन्स पुढे आली आणि ३३ डॉलर देऊन कंपनी घेऊन गेली. बेल्डनने २००७ मध्येच जर्मनीची हर्शमान घेतलेली होती, म्हणजे औद्योगिक स्विच तिच्याकडे होते. सीमेन्सकडे तर स्वतःचे स्कॅलन्स स्विच होते. तुमच्या एचपीई आणि अरुबासारखीच परिस्थिती. मग दीडपट भाव का दिला?

वीज कंपनीच्या मंजूर यादीत नाव जाणं ही वर्षांची प्रक्रिया असते, म्हणून. आधी प्रयोगशाळेतल्या चाचण्या, मग एखाद्या उपकेंद्रात चाचणीपुरता वापर, एक-दोन उन्हाळे-पावसाळे काढल्याचा अहवाल, मग तांत्रिक समितीची मान्यता. कितीही पैसा ओतला तरी उन्हाळा वर्षातून एकदाच येतो. रगेडकॉमने ही वाट जगभरातल्या वीज कंपन्यांकडे चालून पूर्ण केली होती. सीमेन्सने मुख्यत्वे तेच घेतलं, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणूनच खरेदीनंतरही रगेडकॉम हे नाव टिकलं आणि ती उत्पादनं स्कॅलन्समध्ये विरघळवली गेली नाहीत. नाव पुसलं असतं तर त्या मंजुऱ्यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक वीज कंपनीत नव्याने उभा राहिला असता.

याच्याशी जोडलेलं आपल्या रोजच्या ओळखीचं कारण म्हणजे निविदा. सरकारी किंवा मोठ्या उद्योगाची निविदा उघडून पात्रतेच्या अटी वाचा. उत्पादक कंपनीची किमान उलाढाल इतकी हवी, देशात सेवा केंद्र हवं, इतकी वर्षं याच क्षेत्रात हवीत, उत्पादकाचं अधिकारपत्र हवं. छोट्या कंपनीचा स्विच तांत्रिक परीक्षेत पहिला आला तरी उलाढालीच्या अटीवर ती बाहेर पडते. तीच कंपनी मोठ्या कंपनीचा भाग झाली की दुसऱ्या दिवशी तोच डबा पात्र ठरतो. वस्तूत काडीचा बदल न होता तिची बाजारपेठ अनेक पटींनी वाढते. विकणाऱ्या संस्थापकांना हे पुरतं ठाऊक असतं, म्हणून तेही विकायला तयार होतात.

आपल्या देशातलं तेजस नेटवर्क्सचं उदाहरण या अंगाने बघा. बंगळूरची ही कंपनी २००० पासून ऑप्टिकल उपकरणं बनवत होती, आणि २०२०-२१ मध्ये तिची वार्षिक विक्री ५०० कोटी रुपयांच्या थोडी वर होती. २०२१ मध्ये टाटा सन्सच्या पॅनाटोन फिनव्हेस्टने तिच्यात मोठा हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. २०२३ मध्ये बीएसएनएलच्या ४जी जाळ्यासाठी टीसीएसमार्फत तेजसला रेडिओ उपकरणांची सुमारे ७,४९२ कोटींची ऑर्डर मिळाली. वर्षाला ५०० कोटींचा धंदा करणारी कंपनी स्वतःच्या ताकदीवर एवढी ऑर्डर पेलू शकत नाही. सुटे भाग आगाऊ घ्यावे लागतात, बँक गॅरंटी द्यावी लागते, पैसे महिनोन्‌महिने अडकून पडतात. इथे मोठ्या घराण्याने छोटीला भांडवल आणि पत दिली, आणि छोटीने मोठीला वीस वर्षांत साठवलेलं उपकरण बनवायचं ज्ञान. मला ही खरेदी मनापासून आवडते, कारण तिच्यामुळे मोठ्या जाळ्यातलं उपकरण देशात आखलं आणि बनवलं गेलं.

कधी कधी खरेदीचा हेतू माणसं असतात. ग्रॅनाइट सिस्टिम्स अँडी बेख्टोल्सहाइम आणि डेव्हिड चेरिटन यांची. जयश्री उल्लाल सिस्कोत आल्या त्या क्रेसेंडोबरोबर, आणि त्यांनी पुढे अनेक वर्षं तिथला स्विचचा धंदा वाढवला. नंतर बेख्टोल्सहाइम आणि चेरिटन यांनी अरिस्टा उभी केली, २००८ मध्ये उल्लाल तिच्या प्रमुख झाल्या, आणि आज डेटा सेंटरच्या स्विचमध्ये सिस्कोला सगळ्यात जास्त त्रास देणारी कंपनी तीच आहे. माणसं विकत घेता येतात, पण ती कायमची आपली होत नाहीत. याची जाण सिस्कोलाही होती. क्रेसेंडोच्याच मारिओ मॅझोला, प्रेम जैन, लुका कॅफिएरो या त्रिकुटाला तिने पुनःपुन्हा बाहेर पैसा पुरवून स्वतंत्र कंपनी काढायला लावली आणि माल तयार झाल्यावर ती परत विकत घेतली: आंदियामो, नुओव्हा, आणि २०१३ मध्ये इन्सिएमी. घरातल्या अडसराबद्दल वर लिहिलं, त्यावर शोधलेला हा मार्ग.

वाय-फायमध्येही तसंच झालं. सिस्कोने २००५ मध्ये ४५ कोटी डॉलरला एअरस्पेस घेतली. तिचे एक संस्थापक बॉब फ्रायडे पुढे मिस्टच्या संस्थापकांत होते. मिस्ट २०१९ मध्ये ४० कोटी डॉलरच्या थोड्या वर भावाने ज्युनिपरने घेतली, आणि आता ती एचपीईकडे आली. तुमच्या छतावरच्या अॅक्सेस पॉइंटच्या, म्हणजे वाय-फायचा सिग्नल देणाऱ्या डब्याच्या, मागे हा एवढा प्रवास आहे.

अरिस्टा स्वतः फार कमी कंपन्या घेते, पण २०१८ मध्ये तिने मोजो नेटवर्क्स घेतली. पूर्वीची एअरटाइट. तिचं बरंचसं इंजिनिअरिंग पुण्यात चालायचं, हे आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे. अरिस्टाकडे उत्तम स्विच होते, वाय-फाय नव्हतं, आणि कार्यालयांचे ग्राहक दोन्ही एकाच हातून मागत होते. खरेदी विभागाला एकच कंत्राट हवं असतं, बिघाड झाला की एकच फोन हवा असतो. ही साधी मागणी किती खरेद्यांच्या मुळाशी असते हे बाहेरून दिसत नाही.

विकत घेतल्यावर दोन्ही घरं एक व्हायला किती काळ जातो, तेही ऐका. एअरस्पेसचं सॉफ्टवेअर एअरओएस. ते सिस्कोच्या वायरलेस कंट्रोलरवर, म्हणजे सगळे अॅक्सेस पॉइंट एका जागेवरून सांभाळणाऱ्या यंत्रावर, २०१८ मध्ये कॅटलिस्ट ९८०० येईपर्यंत मुख्य होतं, आणि त्यानंतरही कित्येक ठिकाणी चालत राहिलं. सिस्कोची फायरवॉल (नेटवर्कमधली नको ती ये-जा अडवणारं यंत्र) १९९५ मध्ये घेतलेल्या नेटवर्क ट्रान्सलेशनच्या पिक्समधून आली. म्हणूनच कोणाला आत सोडायचं ती यादी (अॅक्सेस लिस्ट) लिहिताना पत्त्यांचा तोच गट राउटरवर उलट्या आकड्यांत (वाइल्डकार्ड मास्क) आणि पिक्सनंतर आलेल्या एएसए फायरवॉलवर सरळ आकड्यांत (सबनेट मास्क) लिहायचा, या फरकात आजही नवी मुलं अडखळतात. आयपी फोनच्या नावाआधी येणारं एसईपी हे १९९८ मध्ये घेतलेल्या सेल्सिअस कंपनीचं चिन्ह. तेव्हा खरेदी झाली म्हणून पुढच्या वर्षी तुमचा डॅशबोर्ड बदलेल ही भीती सहसा खरी ठरत नाही. एकत्र करायचं काम हळू चालतं, आणि त्या काळात दोन्ही बाजूंचा माल विकत राहावाच लागतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत सॉफ्टवेअर हे कारण सगळ्यांत पुढे आलं आहे. अनेक कंपन्यांच्या स्विचमध्ये आत ब्रॉडकॉमचीच चिप असते, त्यामुळे पत्र्यात आणि पोर्टमध्ये फारसा फरक उरला नाही. २०१२ मध्ये सिस्कोने मेराकी १.२ अब्ज डॉलरला घेतली ती तिच्या क्लाउड डॅशबोर्डसाठी आणि दरवर्षी येणाऱ्या लायसन्सच्या पैशांसाठी. दहा वर्षांनी कॅटलिस्ट स्विच मेराकीच्या डॅशबोर्डवर दिसू लागले, म्हणजे घेतलेल्या कंपनीचा पडदा घेणाऱ्याच्या मुख्य मालावर आला. ज्यांना ब्रॉडकॉमवर अवलंबून राहायचं नव्हतं त्यांनी चिपवाले घेतले. सिस्कोने २०१६ मध्ये इस्रायलची लीबा घेतली आणि २०१९ मध्ये त्यातून सिलिकॉन वन ही चिप आली. एनव्हिडियाने मेलानॉक्स सुमारे ७ अब्ज डॉलरला घेतली, २०२० मध्ये व्यवहार पुरा झाला. एआयसाठी हजारो जीपीयू (एआयची गणितं करणाऱ्या चिप) एकमेकांना जोडायची वेळ आली तेव्हा ते जोडणारं जाळं तिच्या घरातच तयार होतं.

फसलेल्या खरेद्यांवर फार वेळ घालवत नाही, कारण बहुतेकांचं कारण एकच आहे: वस्तू चांगली, पण विकायची रीत घेणाऱ्याची नव्हती. लिंक्सिस २००३ मध्ये सिस्कोने ५० कोटी डॉलरला घेतली. घरगुती राउटर दुकानाच्या काउंटरवर, नागपुरातल्या बर्डीवरच्या कुठल्याही दुकानात मिळतो तसा, थोड्या नफ्यावर विकायचा असतो. सिस्कोची सगळी बांधणी मोठ्या संस्थांना विकण्याची. २०१३ मध्ये लिंक्सिस बेल्किनकडे गेली.

रकस या वाय-फाय बनवणाऱ्या कंपनीचं मात्र नीट बघा, ते तुमच्या कामाचं आहे. २०१६ मध्ये ती ब्रोकेडने घेतली. लगेच ब्रॉडकॉमने ब्रोकेडच घ्यायचं ठरवलं, पण ब्रॉडकॉमला हवा होता फक्त स्टोरेज जोडणारा फायबर चॅनलचा धंदा. बाकीचं विकून टाकलं: रकस आणि आयसीएक्स स्विच अॅरिसकडे, डेटा सेंटरचे स्विच एक्स्ट्रीमकडे. २०१९ मध्ये अॅरिस कॉमस्कोपने घेतली. तीन-चार वर्षांत इतक्या वेळा मालक बदलले, तरी रकसचे अॅक्सेस पॉइंट टिकले, कारण त्यांना स्वतःचे ग्राहक होते आणि प्रत्येक नव्या मालकाला तेच हवे होते. घेणाऱ्याला जे नको असतं त्याची बदली होते. ज्याला स्वतःची मागणी असते ते बदली झाली तरी जगतं.

आता तुमची एचपीई. २०१५ मध्ये तेव्हाच्या एचपीने सुमारे ३ अब्ज डॉलरला अरुबा घेतली, आणि एचपीचे जुने प्रोकर्व्ह घराण्यातले स्विचसुद्धा पुढे अरुबा नावाने विकले जाऊ लागले. घेणाऱ्याने घेतलेल्याचं नाव स्वतःच्या मालावर लावलं, ही त्या खरेदीची सगळ्यात बोलकी खूण. ज्युनिपरच्या वेळी अशी खूण म्हणजे माणूस: ज्युनिपरचे प्रमुख रामी रहीम यांच्याकडेच एचपीईचा सगळा नेटवर्किंग विभाग, अरुबासकट, सोपवला गेला. खरेदीनंतर कोणत्या घरचा माणूस वर बसतो हे मी नेहमी आधी बघतो.

एचपीईला ज्युनिपरमध्ये काय हवं होतं? मोठे राउटर आणि डेटा सेंटरचा माल, जो अरुबाकडे जवळजवळ नव्हता. आणि मिस्टचं वाय-फायमधला बिघाड आपणहून शोधणारं सॉफ्टवेअर. शिवाय सिस्कोसमोर उभं राहायला लागणारा आकार. अमेरिकेच्या न्याय खात्याने जानेवारी २०२५ मध्ये हा व्यवहार अडवायला दावा केला होता, कारण एचपीई आणि सिस्को मिळून तिथल्या कार्यालयीन वाय-फायचा ७० टक्क्यांहून जास्त बाजार व्यापतील असं त्यांचं म्हणणं होतं. जूनअखेर तडजोड झाली: एचपीईने इन्स्टंट ऑन हा छोट्या कार्यालयांसाठीचा धंदा विकायचा, आणि मिस्टच्या एआय सॉफ्टवेअरच्या मूळ कोडचं लायसन्स इतरांना द्यायचं. म्हणजे सरकारच्या लेखीही व्यवहारातली मौल्यवान गोष्ट मिस्टच होती. म्हणून तुमचं वाय-फाय मला सुरक्षित बाजूला वाटतं.

स्विचबद्दल तेवढ्या खात्रीने सांगणार नाही. ज्युनिपरचे ईएक्स आणि अरुबाचे सीएक्स एकाच कामाचे आहेत. अशी दोन घराणी कायम समांतर चालवणं खर्चाचं असतं, आणि कधीतरी नव्या पिढीत ती एकत्र येतील असं माझ्या अनुभवातून वाटतं. मात्र आज घेतलेला स्विच त्यामुळे उद्या निरुपयोगी होत नाही. सिस्कोसारख्या मोठ्या कंपन्यांत विक्री बंद झाल्यावरही साधारण पाच वर्षं हार्डवेअरला आधार मिळतो.

तेव्हा नव्या शेडचं काम थांबवू नका. अॅक्सेस पॉइंट मिस्टचेच घ्या, म्हणजे सगळा कारखाना एकाच डॅशबोर्डवर राहील. स्विच ईएक्स घ्यायचे असतील तर जे मॉडेल आज घेता आहात ते विक्री बंद होण्याच्या यादीत नाही हे वितरकाकडून लेखी घ्या. खरेदी आदेशात किमान पाच वर्षांच्या आधाराची अट टाका, आणि ती वितरकाच्या नावावर न ठेवता उत्पादकाच्या पत्रावर मागा. व्हर्च्युअल चेसिसमध्ये (अनेक स्विच जोडून एकच स्विच असल्यासारखे चालवायची सोय) दुसऱ्या कंपनीचा स्विच बसत नाही, म्हणून जुन्या शेडचे आणि नव्या शेडचे स्विच एका चेसिसमध्ये बांधू नका. मध्ये एलएसीपीची (केबल एकत्र बांधायची, कोणत्याही कंपनीच्या स्विचवर चालणारी पद्धत) साधी लिंक ठेवा. शेजारचं यंत्र ओळखायला एलएलडीपी, एकाच केबलवर वेगवेगळी नेटवर्कं (व्हीलॅन) चालवायला ८०२.१क्यू, रस्ता शोधायचं राउटिंग लागलं तर ओएसपीएफ; या पद्धतीही कोणत्या एका कंपनीच्या नाहीत. एवढं पाळलं तर पाच वर्षांनी त्या शेडमध्ये कोणत्याही कंपनीचा स्विच आणून लावता येईल, आणि मिस्टचे अॅक्सेस पॉइंट त्याच्या पीओईवर (नेटवर्कच्या केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) तसेच चालतील.

दोन कामं या महिन्यातच उरका. ज्युनिपरच्या पोर्टलवरच्या तुमच्या सगळ्या सिरियल नंबरांची आणि कंत्राटांची यादी उतरवून घ्या. मालक बदलला की खाती नव्या पोर्टलवर हलतात, आणि त्या गडबडीत नेमकी छोट्या ग्राहकांची कंत्राटं हरवतात. जे सॉफ्टवेअर सध्या व्यवस्थित चालतं आहे त्याची फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. दुसरं, दुसऱ्या दिवशी बदली मिळण्याचा जो करार तुम्हाला विकला आहे तो बुटीबोरीच्या पिनकोडला खरंच लागू आहे का, ते विचारा. मुंबई-पुण्याला लागू असलेली सेवा इथे दोन-तीन दिवसांची होऊन बसते. लागू नाही असं उत्तर आलं तर प्रत्येक मॉडेलचा एक स्विच जादा घेऊन कपाटात ठेवा, त्याच्यावर तेच सॉफ्टवेअर चढवून.